अजब बंगल्यातील दोन दालने

नागपुरात ज्यांचे बालपण गेले त्यांच्यापुढे ‘मध्यवर्ती संग्रहालय’ असा उच्चार केला तर ते क्षणभर विचारात पडतात. ‘अजब बंगला’ म्हटले की लगेच ओळख पटते. सरकारी दप्तरात नाव काहीही असो, सिव्हिल लाइन्समधील या संस्थेचे हे लोकांनी ठेवलेले नाव गेली कित्येक दशके टिकून आहे. लाहोरच्या संग्रहालयालाही तिथली माणसे अजायबघर म्हणत. किपलिंगच्या ‘किम’ या १९०१ सालच्या कादंबरीतला पोर त्याच अजायबघरासमोरच्या तोफेवर बसलेला आपल्याला प्रथम भेटतो. ‘म्युझियम’ या शब्दात विद्येच्या देवतांचा वास आहे. ‘अजब’ या शब्दाला विद्येशी फारसे कर्तव्य नाही. जे पाहून तोंडात बोट जाते ते अजब. संग्रहालय स्थापन करणाऱ्यांना ज्ञान द्यायचे होते आणि लोक नवल पाहायला आले. या दोन हेतूंचा मेळ अजून पुरता बसलेला नाही, असे आमचे मत आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही बऱ्याच वर्षांनी तेथे गेलो. पेंढा भरलेले प्राणी पाहायला आजही शाळकरी मुलांची झुंबड उडते. शिल्पे आहेत, शिलालेख आहेत, नाणी, शस्त्रे, चित्रे आहेत. बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया या गावी १८७० साली सापडलेल्या ठेव्यातील वस्तूंचाही या संग्रहालयाशी संबंध आहे. त्या एका ठिकाणी तांब्याची ४२४ हत्यारे आणि चांदीचे १०२ पत्रे निघाले होते. त्यांतला मोठा वाटा लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये गेला आणि काही वस्तू नागपूरला राहिल्या. गुरे राखणाऱ्या पोरांना सापडलेला ठेवा असा दोन खंडांत विभागला गेला. पण तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

आमचे पाय अडले ते आदिवासी दालनात. तेथे आमच्या पुढे एक वयस्क गृहस्थ आपल्या नातीला घेऊन चालले होते. गडचिरोलीकडचे असावेत असे बोलण्यावरून वाटले. मुलगी आठ-नऊ वर्षांची. दागिने, टोपल्या, वाद्ये बघत बघत ती थबकली आणि तिने विचारले, “आबाजी, हे आपण आहो का?”

“आपले आजे-पणजे,” आजोबा म्हणाले.

“अन् मंग राजे कोठी आहेत?”

“ते तिकडं, दुसऱ्या खोलीत असतील.”

आमच्या कानावर पडला तो संवाद एवढाच. तो चोरून ऐकल्याबद्दल आम्ही त्या दोघांची मनोमन क्षमा मागतो. परंतु संग्रहालयशास्त्रावरील मोठमोठ्या ग्रंथांत जो प्रश्न पानेच्या पाने चर्चिला जातो तो त्या मुलीने पाच शब्दांत मांडला होता. गोंड माणूस आदिवासी दालनात भेटतो. मग गोंड राजा कोणत्या दालनात शोधायचा?

ज्या शहरात आम्ही उभे होतो त्या शहराचीच गोष्ट घ्यावी. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने १७०२ च्या सुमारास राजापूर बारसा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बारा खेड्यांना एकत्र करून नागपूर वसवले. तो औरंगजेबाच्या दरबारी गेला होता, तेथे त्याने इस्लाम स्वीकारला आणि हे नाव घेतले. दिल्लीच्या बाजूची शहरे पाहून आल्यावर आपल्या मुलखातही तशी वस्ती असावी असे त्याच्या मनाने घेतले असावे. त्याचा वारस चांद सुलतान याने राजधानी नागपुरास आणली, शहराभोवती तट घातला आणि जुम्मा तलाव बांधला. हाच तलाव पुढे शुक्रवारी तलाव झाला आणि त्यानंतर गांधीसागर. चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर गादीचा तंटा लागला. राणी रतनकुंवरने रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावले. मदतीला आलेले रघूजी १७४३ पर्यंत सत्तेचे धनी झाले. बुऱ्हाणशहाला राजा हे नाव आणि नेमणूक तेवढी उरली. मराठी इतिहासात या प्रकरणाला बहुधा एक परिच्छेद मिळतो, तोही भोसल्यांच्या पराक्रमाचा उपोद्घात म्हणून. आम्ही स्वतः शाळेत तो तसाच शिकलो आणि त्यात काही खटकण्यासारखे आहे असे कधी वाटले नाही, हेही नमूद केले पाहिजे.

पुढे भोसल्यांचीही तीच गत झाली. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले. वाड्यातील जडजवाहीर, हत्ती, घोडे लिलावात निघाले. त्या लिलावानंतर नऊ वर्षांनी, १८६३ साली, त्याच शहरात हे संग्रहालय स्थापन झाले. या दोन घटनांमध्ये कागदोपत्री संबंध आहे असे आम्ही म्हणत नाही. पण एका राजघराण्याची दौलत बाजारात मांडली जाते आणि दहा वर्षांच्या आत नवे राज्यकर्ते प्रांतातील चीजवस्तू काचेआड मांडायला लागतात, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

१८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला आणि १८६२ मध्ये सर रिचर्ड टेंपल त्याचे मुख्य आयुक्त म्हणून आले. नव्या प्रांताची मोजदाद करण्याचा ध्यास घेतलेला हा अधिकारी. जमीन मोजायची, जंगल मोजायचे, खनिजे मोजायची आणि माणसेही मोजायची. या कामात त्यांना नागपुरातच एक विलक्षण माणूस मिळाला. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी १८४५ पासून येथे होते. धर्मप्रसार हे त्यांचे काम, पण दगड फोडून जीवाश्म शोधणे हा छंद. एका खनिजाला त्यांचे नाव मिळाले. मध्य भारताच्या भूशास्त्राची पायाभरणी ज्यांनी केली त्यांत त्यांची गणना होते. त्यांच्या नावाचे महाविद्यालय नागपूरकरांना माहीत असते, माणूस फारसा माहीत नसतो.

४ सप्टेंबर १८६३ रोजी हिस्लॉप टेंपल यांच्यासमवेत टाकळघाट येथील पुरातन शिळावर्तुळांचे उत्खनन पाहायला गेले होते. परतताना ते एका शाळेच्या तपासणीसाठी मागे थांबले. अंधार पडला, पावसाने नाला फुगला होता. घोडा एकटाच मुक्कामी परतला. हिस्लॉप यांच्या मागे राहिलेली टिपणे टेंपल यांनी संपादित करून १८६६ साली प्रसिद्ध केली. या टिपणांत एका प्रधानाच्या तोंडून ऐकून लिहून घेतलेले लिंगोचे दीर्घ गीत आहे, गोंडी शब्द आणि त्यांखाली अर्थ असे. गोंडांच्या उत्पत्तीची, देवांच्या व कुळांच्या वाटणीची ही कथा छापील स्वरूपात जगापुढे आली ती अशी, बुडालेल्या माणसाच्या कागदांतून. पुढे १८७१ मध्ये कॅप्टन फोर्सिथ यांनी आपल्या ग्रंथात ती लाँगफेलोच्या ‘हायावाथा’च्या छंदात बसवली. गोंडांच्या आदिकथेला अमेरिकेतील आदिवासींच्या कवितेचा अंगरखा! एका साहेबाने एका अमेरिकन कवीकडून उसना घेतलेला.

हिस्लॉप यांच्याविषयी आम्हाला आदर आहे. त्यांनी ऐकून घेतले. त्यांच्या मागोमाग जे घडले त्याची जात वेगळी होती. १८६५-६६ च्या सुमारास कलकत्त्याचे डॉ. जोसेफ फेरर यांनी बंगालच्या एशियाटिक सोसायटीपुढे एक योजना मांडली. आशियातील व आसपासच्या निरनिराळ्या जमातींची जिवंत माणसे कलकत्त्याला आणावीत, त्यांना प्रदर्शनात बसवावे आणि विद्वानांनी त्यांचा अभ्यास करावा. आसामच्या आयुक्तांनी यावर दिलेले उत्तर कर्नल डाल्टन यांनी आपल्या १८७२ च्या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे. डोंगरातील वीस माणसे कलकत्त्याला नेऊन परत आणायची तर त्यांतली काही वाटेतच दगावतील. आणि स्वतंत्र टोळ्यांपैकी कोणी कलकत्त्यात मेले तर राजकीय गुंतागुंत उद्भवेल, असा त्याचा आशय. हा आक्षेप माणुसकीचा होता की हिशेबाचा, याचा निवाडा वाचकांनी करावा. कलकत्त्याची योजना बारगळली.

मध्य प्रांतात मात्र तिची छोटी आवृत्ती निघाली. १८६६-६७ च्या हिवाळ्यात जबलपूरला प्रदर्शन भरले. धान्य, कापड, अवजारे यांच्याबरोबर प्रांतातील मूळ जमातींची माणसेही तेथे आणली गेली. एक समिती नेमली गेली. तिने त्यांची तपासणी केली, शब्दांच्या याद्या केल्या, वर्गवारी केली. तिचा अहवाल १८६८ मध्ये नागपुरात छापला गेला आणि त्याच्या लांबलचक शीर्षकातच या माणसांसाठी ‘नमुने’ असा शब्द आहे. पेंढा भरलेल्या वाघालाही शास्त्रात नमुनाच म्हणतात.

आता जबलपूर हे नाव पुन्हा वाचावे. त्याच जबलपुरात १८ सप्टेंबर १८५७ रोजी गढा-मंडलाच्या गोंड राजवंशातील वृद्ध राजा शंकरशहा आणि त्याचा पुत्र रघुनाथशहा यांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्यांच्या विरोधातील पुराव्यांत देवीला शत्रुनाशासाठी घातलेली पद्यमय प्रार्थना होती. पुढच्या वर्षी, २१ ऑक्टोबर १८५८ ला, चांद्याच्या तुरुंगात गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके यांना फाशी झाली. म्हणजे राजद्रोहाचा खटला चालवण्याइतके हे लोक राजकारणी होते, कविता लिहिण्याइतके साक्षर होते आणि सरकारला भीती वाटावी इतके समर्थ होते. नऊ वर्षे उलटतात न उलटतात तोच त्याच गावी त्यांचेच जातभाई नमुने होऊन उभे राहतात. राजा नाहीसा झाला तो तोफेने. त्याची आठवण नाहीशी करायला मात्र तोफ लागली नाही, वर्गवारी पुरली.

आमच्या मते हीच त्या दोन दालनांमधली भिंत आहे. हा दोष नागपूरच्या एका वास्तूचा नव्हे. एकोणिसाव्या शतकात जगभर जी संग्रहालये उभी राहिली त्यांची बांधणीच या पायावर झाली. एका बाजूला इतिहास. तेथे प्रत्येक वस्तूला शतक असते, राजवंश असतो, शिलालेखाला शक असतो. दुसऱ्या बाजूला संस्कृती. तेथे वस्तूला जमातीचे नाव असते आणि उपयोग असतो. सन नसतो, घडवणाऱ्याचे नाव नसते. इतिहासातले लोक होऊन गेलेले असतात, संस्कृतीतले लोक ‘करतात’. गोंड शेती करतात, नाचतात, गोंदवून घेतात, सगळे वर्तमानकाळात. व्याकरणातला हा रीतिवर्तमानकाळ वरवर निरुपद्रवी दिसतो, पण त्यात बसवलेल्या माणसाला भूतकाळ उरत नाही.

या भिंतीचा सर्वांत बोलका दाखला एका ग्रंथकाराच्या कामात सापडतो. कटनीचे रायबहादुर हिरालाल यांनी मध्य प्रांत व वऱ्हाडातील कोरीव लेखांची वर्णनात्मक सूची केली. आर. व्ही. रसेल यांच्याबरोबर त्यांनी याच प्रांतातील जाती-जमातींवर चार खंडांचा ग्रंथही सिद्ध केला. दोन्ही पुस्तके १९१६ ची. एकाच विद्वानाच्या मेजावर एकीकडे राजे कालानुक्रमे आणि दुसरीकडे जमाती इंग्रजी अकारविल्हे. न्याय्य बोलायचे तर जमातींच्या ग्रंथात गोंडांच्या राज्यांची माहिती आहे आणि ती त्या काळच्या मानाने चांगली आहे. पण ज्या समाजाने गढा-मंडला, देवगड, खेरला आणि चांदा अशी चार राज्ये चालवली त्याच्याविषयी वाचायचे तर ‘जी’ अक्षरापाशी, ‘घसिया’, ‘गोलर’ यांच्या शेजारी शोधावे लागते. (रसेल यांचाही अंत पाण्यातच झाला. डिसेंबर १९१५ मध्ये ‘पर्शिया’ हे जहाज पाणबुडीने बुडवले त्यात ते होते. मध्य प्रांताच्या मानववंशशास्त्राला पाण्याचा काही शाप असावा.)

आणि या सगळ्यात नियतीचा एक विनोद आहे. हिस्लॉप ज्या खडकांतून जीवाश्म काढीत त्या खडकांना भूशास्त्राने पुढे नाव दिले ते ‘गोंडवन’. मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये हे नाव योजले आणि १८८५ मध्ये ऑस्ट्रियाच्या एडुआर्ड स्यूस यांनी दक्षिणेकडील एका अख्ख्या प्राचीन भूखंडाला ते बहाल केले. आज अंटार्क्टिकावरचा संशोधकही गोंडवन हा शब्द उच्चारतो. नागपूरजवळच्या कामठीच्या नावाचा खडकांचा थर सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्याला वय आहे, क्रम आहे, वरचा थर कोणता आणि खालचा कोणता हे ठरलेले आहे. गोंडांचे नाव दगडाला दिले गेले आणि दगडाला इतिहास मिळाला!

आदिवासी दालनातील वाद्यांपुढे आम्ही बराच वेळ थांबलो. प्रधानांची किंगरी हे एक साधे तंतुवाद्य आहे. कोठे तिला किकरी म्हणतात, मंडल्याकडे तिचा भाऊबंद ‘बाना’ आहे. संग्रहालयाच्या वर्गवारीत हे ‘वाद्य’ या सदरात पडते आणि ते चूकही नाही. परंतु प्रधान हा गोंडांचा पिढीजात गायक, म्हणजे त्यांचा बखरकार. कुळांची वंशावळ, देवांची वाटणी, राजांचे पराक्रम हे त्याने गायचे आणि यजमानाने त्याला दान द्यायचे. किंगरी हातात घेतल्याशिवाय त्याने हे सांगायचे नाही, असा परिपाठ. मग ती किंगरी केवळ वाद्य राहते का? पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमालाला आपण कापड म्हणून कपाटात ठेवत नाही. हिस्लॉप यांना मिळालेल्या गीतात खुद्द लिंगोच भोपळ्याला तार जोडून वाद्य तयार करतो आणि विस्तवाचा मालक असलेल्या म्हाताऱ्या राक्षसाला ते ऐकवून नाचायला लावतो. वाद्याच्या जन्माची कथा वाद्यावरच गायची, असे हे दप्तर आहे. काचेत ठेवलेली किंगरी मुकी असते हे सांगायला नको. पण ती मुकी झाली म्हणजे एक पुराभिलेखागार बंद झाले, हे मात्र सांगावे लागते, कारण तिच्याकडे पाहून ते कोणाच्या लक्षात येत नाही.

हे दप्तर पुन्हा उघडू शकते, याचा एक पुरावा भोपाळमध्ये आहे. मंडल्याकडील पाटनगढ गावचा जनगढ सिंह श्याम हा प्रधान तरुण १९८० च्या दशकाच्या आरंभी चित्रकार जे. स्वामीनाथन यांच्या सहकाऱ्यांना आढळला. भारत भवन तेव्हा उभे राहत होते. प्रधानांना दान देणारे यजमान कमी झाले होते आणि गाण्यावर पोट चालेना. जनगढने तेच देव, तीच झाडे, तेच पशू कागदावर आणले. त्याच्या चित्राखाली त्याची सही असते. ‘गोंड, मध्य भारत’ एवढ्यावर भागत नाही, नाव आणि साल लिहावे लागते. २००१ साली जपानमधील एका संग्रहालयात काम करीत असताना त्याने जीवन संपवले. त्या मृत्यूविषयी येथे घाईने काही लिहिणे आम्हाला प्रशस्त वाटत नाही. त्याच्या मागून त्याच गावातील अनेक जण चित्रकार झाले. भोपाळचे जनजातीय संग्रहालय २०१३ मध्ये सुरू झाले. तेथे भिंती, घरे, आकृत्या मोठ्या प्रमाणावर आदिवासी कलावंतांनीच उभारल्या. ते फार देखणे आहे. मात्र आमच्या मनातला जुना प्रश्न तेथेही सुटला नाही. सौंदर्य भरभरून आहे, सनावळी मात्र हाती लागत नाही.

उलट वाट जबलपूरने धरली. शंकरशहा व रघुनाथशहा यांच्या नावाच्या संग्रहालयाचे लोकार्पण १५ नोव्हेंबर २०२४ रोजी झाले. तेथे राजे आहेत, तारखा आहेत. आमची शंका एवढीच की आता वीरपुरुषांचे वेगळे दालन झाले आणि टोपल्या-दागिन्यांचे वेगळे राहिले. भिंत पडली की नुसती दुसरीकडे सरकली, हे ठरवायला काही काळ जावा लागेल.

कथा ज्यांच्या आहेत त्यांचे दरम्यान चालूच आहे. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यात कचारगडची गुहा आहे. लिंगोने आपल्या पूर्वजांना जेथून मुक्त केले ती हीच जागा, अशी श्रद्धा आहे. माघ पौर्णिमेला तेथे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून गोंड लोटतात. हिस्लॉपने उतरवून घेतलेले गीत कोणत्याही दालनात न जाता दरवर्षी तेथे डोंगर चढते. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे तीस लाख लोक होते.

संग्रहालयातून बाहेर पडताना दारापाशी ते आजोबा आणि नात पुन्हा दिसले. मुलगी भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. राजे भेटले का, असे आम्ही विचारले.

“कायचे जी,” आजोबा हसले, “वाघापाशीच रमली ते. राजे राहूनच गेले.” मग घड्याळाकडे पाहून म्हणाले, “साडेचारची बस आहे. स्टँडच्या वाटेवर शुक्रवारी तलाव लागते. चांद सुलतानानं बांधला थो. तेवढा दाखवून देतो पोरीले.”

त्यांना ऑटो मिळेपर्यंत आम्ही फाटकाशी उभे राहिलो.